नऊ मिनिटांचं पुणे

मुंबई विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतचं सरळ अंतर भरतं सुमारे १२४ किलोमीटर. जेट विमान एकदा वर जाऊन स्थिरावलं की ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरनं पळतं. शाळेत त्रैराशिक घोकलेल्या कोणालाही उत्तर तोंडी काढता येईल: नऊ मिनिटं. मुंबईत बडीशेप तोंडात टाकावी आणि ती चघळून संपायच्या आत पुणं यावं.

या मार्गावर ज्या ज्या कंपन्यांनी विमानं सोडली, त्यांनी वेळापत्रकात मात्र तासाभराचा आकडा छापला. मग मधली पन्नास मिनिटं गेली कुठे, असा प्रश्न पुणेकराला पडणारच. पैसे कुठे गेले आणि वेळ कुठे गेला, या दोन्हींचा हिशेब त्याला पावतीसकट लागतो.

तो हिशेब घरापासूनच मांडावा लागतो. दादरचा प्रवासी विमानाच्या तीन तास आधी निघतो, कारण दोन तास आधी पोचायचं असतं आणि दादर ते अंधेरी या पट्ट्यात भूगोलाचे नियम चालत नाहीत. विमानतळावर तो पट्टा काढतो, बूट काढतो, खिशातली नाणी काढतो आणि डब्यातल्या लोणच्याचा रस द्रवपदार्थात मोडतो की नाही यावर सुरक्षारक्षकाशी तात्त्विक चर्चा करतो. नंतर बस. बसमधून विमान. दार लागतं, विमान मागे सरतं आणि रांगेत जाऊन उभं राहतं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात. एकीवर विमान सुटलं की दुसरीनं हात बांधून बसायचं. दोन धावपट्ट्यांचा विमानतळ असा एका धावपट्टीवर चालतो आणि खिडकीतल्या प्रवाशाला पुढची सहा-सात विमानं मोजण्याचा विरंगुळा मिळतो.

पाळी येते. आता पुण्याकडे, म्हणजे पूर्वेकडे. पण मुख्य धावपट्टीवरची बरीचशी विमानं वाऱ्याच्या हिशेबानं पश्चिमेला तोंड करून उडतात. त्यामुळे पुण्याला निघालेला प्रवासी आधी अरबी समुद्राचं दर्शन घेतो. मग विमान वळतं, घाटाकडे तोंड करतं, नीट उंची गाठतं न गाठतं तोच उतरायची घोषणा होते. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. तिथे लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानानं जरा वाट पाहावी, हे ओघानं आलंच. उतरल्यावर सामान, सामानानंतर रिक्षा आणि रिक्षानंतर कोथरूड. या शेवटच्या टप्प्याला विमानप्रवास म्हणत नाहीत एवढंच, वेळ मात्र त्यालाही विमानाइतकाच लागतो.

दरम्यान डेक्कन क्वीन. १ जून १९३० पासून ही गाडी मुंबई-पुणे मार्गावर धावते आहे. लोहमार्ग १९२ किलोमीटरचा, वेळ सव्वातीन तासांच्या आसपास. तिच्यातला प्रवासी डायनिंग कारमध्ये कटलेट खातो, कर्जतला इंजिनाच्या कामकाजावर मत देतो, लोणावळ्याला डुलकी काढतो आणि शिवाजीनगरला उतरून घरी जातो. घरी पाय धुऊन तो टीव्ही लावतो, तेव्हा नऊ मिनिटांचा प्रवासी सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहून इतरांच्या काळ्या बॅगांमधून स्वतःची काळी बॅग ओळखत असतो.

विमान कंपन्या खोटं बोलतात असं मात्र नाही. त्यांचं घड्याळ वेगळं असतं, इतकंच. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की ते घड्याळ सुरू होतं आणि मुक्कामी चाकांना पुन्हा ठोकळे लागले की थांबतं. हवेतला वेळ हा त्यातला एक भाग. धावपट्टीपर्यंतची सरपट, रांग, चढण, उतार, वर घिरट्या आणि खाली जागा मिळेपर्यंतचा खोळंबा, सगळं त्यातच जमा. मुंबई-दिल्ली सरळ अंतर सुमारे ११४० किलोमीटर, म्हणजे त्रैराशिकानं जेमतेम दीड तास. तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा असतो.

शिवाय या आकड्यात थोडी सैल शिलाई मुद्दाम ठेवलेली असते. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान बहुतेक ठिकाणी वेळेवर आलं असंच धरतात. तेव्हा वेळापत्रकात पंचवीस मिनिटं जास्त लिहिली, की अर्धा तास उशिरा निघालेलं विमानही वेळेवर पोचल्याचं जाहीर करता येतं. लग्नपत्रिकेवर १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त छापणारा आणि पाहुण्यांना तोंडानं साडेअकरा सांगणारा वधुपिता विमान कंपनीत नोकरीला लागला, तर त्याला प्रशिक्षणाची गरज पडणार नाही.

या सैल शिलाईचा आणखी एक फायदा आहे. एखाद्या दिवशी सगळं सुरळीत झालं, की वीस मिनिटं आधी उतरल्याची घोषणा होते. आवाजात असा काही अभिमान असतो, की कॉकपिटमधून कोणीतरी खाली उतरून विमान ढकललं असावं. प्रवासी खूश होतात. मग कळतं, की विमान लावायची जागा अजून रिकामी झालेली नाही. आधी आलेली वीस मिनिटं तिथेच उभ्या उभ्या परत केली जातात.

वेगाचं म्हणाल तर त्यात साठ वर्षांत फारशी प्रगती झालेली नाही. एअर इंडियानं १९६० साली पहिलं बोइंग ७०७ आणलं, तेव्हा ते जेवढ्या वेगानं उडायचं, साधारण तेवढ्याच वेगानं आजची विमानं उडतात. मधल्या काळात काँकॉर्ड येऊन गेलं. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यानं न्यू यॉर्क ते लंडन हे अंतर २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं. ते फार इंधन प्यायचं, फार आवाज करायचं आणि त्याचं तिकीट काढणाऱ्यांना वेळेपेक्षा पैसा स्वस्त असावा लागायचा. २००३ मध्ये ते निवृत्त झालं. आज विमानात चित्रपट बरेच वाढलेत, वेग तेवढाच आहे.

त्याआधीचा काळ पाहिला तर वेळ पाळण्याची गोष्ट आणखी मजेशीर होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून एका इंजिनाचं पस मॉथ विमान उडवलं आणि अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते दुपारी मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादला विमानाचं इंधन बैलगाडीतून आलं, असं सांगतात. पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूची पट्टी समुद्राला इतकी खेटून होती, की पावसाळ्यात तिचा चिखल व्हायचा. मग टाटांची विमानसेवा चार महिने मुक्काम हलवून पुण्याला जायची. पाऊस सुरू झाला की मुंबईच्या विमानतळानंच पुणं गाठायचं, असा तो काळ. ना रडार, ना रेडिओ, वर सह्याद्रीवरचे ढग. तरीही वर्षभर टपाल एकदाही चुकलं नाही आणि सरकारी अहवालानं शंभर टक्के वक्तशीरपणाची शाबासकी दिली. टपालाच्या थैल्यांना सुरक्षातपासणी नव्हती आणि त्या उतरताना वरच्या कप्प्यातून बॅगा काढायला उभ्याही राहत नव्हत्या, हे लक्षात घ्यायला हवं.

अंतराचा खरा फायदा घेतला तो नागपूरनं. नागपूरकराला आपलं शहर देशाच्या मधोमध असल्याचा सार्थ अभिमान असतो आणि तो हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. १९४९ मध्ये टपाल खात्यानं त्याचं म्हणणं मनावर घेतलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री चार विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला जमायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि ज्यानं त्यानं उजाडायच्या आत आपापल्या गावी परतायचं. चारही विमानांना एकमेकांच्या गावी जायची गरज नाही. या विमानांत माणसंही बसायची, त्यांना अर्ध्या रात्री नागपूरला उतरून विमान बदलावं लागे. आज मुंबई-नागपूर सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे आणि समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. महामार्ग विमानाच्या इतका जवळ आलाय, की एखादा वऱ्हाडी पाहुणा गाडी काढताना सीटबेल्टची प्रात्यक्षिकं करून दाखवायलाही कमी करणार नाही.

आता सरळ म्हणजे काय, हा पुढचा घोळ. न्यू जर्सीला मुलगा असलेले आईवडील मुंबईत दिवाणखान्यात जगाचा नकाशा लावतात आणि त्यावर मुंबईपासून न्यू यॉर्कपर्यंत पट्टीनं रेघ ओढतात. रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी झकास जाते. पहिल्याच प्रवासात वडील समोरच्या पडद्यावर विमानाचं चिन्ह पाहतात, तर ते उत्तरेकडे निघालेलं. शेजारच्या प्रवाशाला ते हळूच विचारतात, की हे बरोबर चाललंय ना? बरोबरच चाललेलं असतं. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. गोलावर दोरा ताणून धरला तर मुंबई-न्यू यॉर्क हा सर्वांत जवळचा रस्ता मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड असा वर चढून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली येतो आणि साडेबारा हजार किलोमीटर भरतो. पट्टीनं ओढलेली रेघ त्याहून लांब पडते.

दोष गेरार्डस मर्केटरचा. १५६९ साली त्यानं जो नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा धरून जाणाऱ्या जहाजाला त्याचा उपयोग, पण ध्रुवांकडे जाल तसतसे त्यातले देश फुगत जातात. त्यात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. शाळाशाळांतून हा नकाशा भिंतीवर टांगून आपण पोरांना भूगोल शिकवला आणि पोरं मोठी होऊन विमानात बसल्यावर वैमानिकावर संशय घेऊ लागली.

बरं, दोराही ताणला, अंतरही निघालं. तरी जायला सोळा तास आणि यायला चौदा, असं का? मुलाकडे जाऊन आलेल्या आईवडिलांच्या गटात यावर अनेक सिद्धान्त प्रचलित आहेत. परतीला घराची ओढ असते, हा एक. पृथ्वी खाली फिरत असते म्हणून आपलं गाव आपणहून समोर येतं, हा दुसरा आणि अधिक वैज्ञानिक. इंजिनिअर जावयासमोर हा दुसरा सिद्धान्त मांडू नये. पृथ्वी फिरते तशी तिच्याबरोबर हवाही फिरते. खरं कारण त्याच हवेत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा झोत हे आहे. पूर्वेकडे जाताना तो पाठीवर, पश्चिमेकडे जाताना तोंडावर. हिवाळ्यात तो उत्तर भारतावरूनही जोरात वाहतो, त्यामुळे कोलकात्याला जाताना मिळालेली मिनिटं परत येताना व्याजासकट भरावी लागतात.

या वाऱ्याचा शोध लावणारा माणूस तर विनोदी लेखकाच्या कल्पनेतून निसटून आल्यासारखा आहे. वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ. १९२० च्या दशकात त्यांनी फुगे सोडून सोडून वरच्या वाऱ्यांचा वेग मोजला आणि हा झोत जगात सर्वांच्या आधी नोंदवला. शोध सगळ्या जगाला कळावा म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो भाषेत लिहिला. ही भाषा सगळ्या जगासाठी बनवलेली होती आणि जवळजवळ कोणालाच येत नव्हती. त्यामुळे शोध बराच काळ सुरक्षित राहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली तेव्हा हा वारा त्यांना तोंडावर येऊन भेटला.

या वाऱ्याच्या मर्जीनं काय होतं ते फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं. सिआरा नावाचं वादळ अटलांटिकवर होतं. ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यू यॉर्कहून लंडनला निघालं, वाऱ्यावर स्वार झालं आणि जमिनीच्या हिशेबानं ताशी १३०० किलोमीटरच्या पुढे गेलं. प्रवास ४ तास ५६ मिनिटांत संपला, वेळापत्रकाच्या तासाभराहून अधिक आधी. ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या प्रवासी विमानांचा या मार्गावरचा तो विक्रम ठरला. लंडनमध्ये तेव्हा पहाटेचे पावणेपाच वाजले होते. इतक्या लवकर पोचून करायचं काय, हे वाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं.

एअर इंडियानं याच वाऱ्याशी चतुर सौदा केला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याला उलटीकडून, प्रशांत महासागरावरून धाडलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ उलट जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन दोन तास आधी पोचायचं! हे पुण्यातल्या रिक्षावाल्यांनी वाचलेलं असणार, कारण लांबच्या रस्त्यानं नेताना तेही नेमकं हेच सांगतात. फरक इतकाच, की त्यांच्याकडे मीटर असतं.

वारा निदान ऋतू पाहून वागतो. परराष्ट्र खात्यांचं तसं नसतं. बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं ते पूर्णपणे उघडलं १६ जुलैला. तोपर्यंत दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरायची, मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळायची. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय विमानांना ते आकाश पुन्हा बंद झालं आणि अमेरिकेच्या काही विमानांना वाटेत इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावं लागलं. मुंबईकरानं या काळात दिल्लीकराकडे सहानुभूतीनं पाहिलं. दुबईला जायला मुंबईहून समुद्र सरळ समोरच आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. दिल्लीवर मात करण्याची अशी संधी वारंवार येत नसते.

फिनलंडची फिनएअर तर आपल्या भूगोलावरच उभी होती. हेलसिंकीहून टोकियोला रशियावरून जायला साडेनऊ तास. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला, कारण विमान आता उत्तर ध्रुवावरून न्यावं लागलं. कंपनीनं साडेतीन तासांच्या या जादा त्रासाबद्दल प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. उशिराचं प्रमाणपत्र हातात ठेवायची ही कल्पना आपल्या राज्य परिवहन मंडळानं उचलली, तर खंबाटकी घाट किंवा कशेडी ओलांडणाऱ्यांच्या घरात भिंती पुरणार नाहीत.

एवढं सगळं सोसून विमान उतरतं आणि मग घड्याळ बदलायला सांगतात. मुंबई-दुबई अंतर साधारण १९३० किलोमीटर, वेळ सव्वातीन तासांच्या आत-बाहेर. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी दहाला निघालेला गृहस्थ तिथल्या पावणेबाराला उतरतो आणि घरी फोन करून सांगतो, की पावणेदोन तासांत आलो. परतीला रात्री दहाला निघून तो पहाटे अडीचला मुंबईत उतरतो, साडेचार तास लागल्याची तक्रार करतो आणि येताना विमान जरा हळू चालवलं असं शेजाऱ्यांना सांगतो. आशियातून प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेला जाणारे तर अनेकदा निघाले त्याच तारखेला, निघाले त्याच्या आधीच्या वेळेला पोचतात. घरच्यांनी पोचल्याच्या निरोपातली तिथली वेळ पाहिली तर अजून निघायचंच असतं.

घड्याळाच्या बाबतीत मुंबईनं इतरांना नावं ठेवू नयेत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली तरी मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती शहरात १९५५ पर्यंत पाळली जात होती. त्या काळातला विमानप्रवासी सांताक्रूझला पोचल्यावर कोणत्या घड्याळाप्रमाणे उशीर झालाय, हा वाद घालू शकायचा. ही सोय आता राहिलेली नाही.

आणि तरीही त्रैराशिक जिथे खरं ठरतं अशी एक जागा जगात आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांदरम्यान लोगनएअरचं चिमुकलं आयलँडर विमान १९६७ पासून उडतं. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली आहेत आणि वारा बरा असला तर त्याहून कमी लागतात. विक्रम ५३ सेकंदांचा. तुलनेसाठी, मुंबईची मुख्य धावपट्टी साधारण साडेतीन किलोमीटर लांब आहे. म्हणजे ऑर्कनीचं विमान मुंबईच्या धावपट्टीच्या एका टोकाला उडून तिच्याच दुसऱ्या टोकाच्या बरंच आधी उतरू शकेल. अर्थात मुंबईत त्याला आधी रांगेत उभं राहावं लागेल.

दुसऱ्या टोकाला सिंगापूर-न्यू यॉर्क. पंधरा हजार किलोमीटरहून अधिक अंतर आणि अठरा तासांहून अधिक वेळ, मध्ये कुठेही न थांबता. खास लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या या एअरबसमध्ये स्वस्तातला इकॉनॉमी वर्गच नाही. गुडघे हनुवटीला टेकवून अठरा तास बसवणं बरं दिसणार नाही, एवढा विचार कोणीतरी केलेला दिसतो. त्यामुळे दशम्या, तिळाची चटणी आणि सुटकेसवर पिवळी रिबन घेऊन निघालेल्या आपल्या माणसाची या विमानात गाठ पडणं कठीण. तो दोन ठिकाणी विमान बदलून, सव्वीस तासांनी, पंधरा हजार रुपये वाचवून पोचतो आणि कोणते पंधरा हजार वाचवले ते महिनाभर सांगतो.

इतकी सगळी गणितं अचूक करूनही एक चूक उरतेच, ती म्हणजे विमानतळाची. जुलै १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझला उतरायचं ते जुहूला उतरलं. अंतर, वेग, इंधन सगळं बरोबर होतं, पट्टी तेवढी शेजारची निघाली. आखूड धावपट्टीवरून ते परत उडवायला नऊ दिवस गेले. पुढे सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ नं हाच प्रकार केला आणि ते पट्टीच्या पलीकडे गेलं. प्रवासी वाचले, विमान मात्र कामातून गेलं. जुहू आणि सांताक्रूझ यांच्यात जेमतेम काही किलोमीटर. आकाशातून पाहिलं तर दोन्ही मुंबईच.

तेव्हा ही चूक फक्त वैमानिकाला करता यायची. आता ती प्रवाशांसाठीही खुली झाली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. जुन्या विमानतळापासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरही नाही, पण सरळ रेषेत खाडी आहे आणि रस्त्यावर सगळी मुंबई. गोव्यात डाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून चालू झालेलं मोपा, यांच्यात हवेतून चाळीसेक किलोमीटर. ऑर्कनीच्या विमानाला हे आठ-दहा मिनिटांचं काम, पण या दोन्ही जोड्यांमध्ये विमान जात नाही. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून कोलव्याच्या हॉटेलची गाडी डाबोळीला बोलावणारं आणि स्वतः पेडण्याच्या मोपाला उतरणारं कुटुंब आता दर हंगामात भेटतं. आई हॉटेलला फोन लावत असते, बाबा मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर काढून हवेतून फक्त चाळीसच आहे असं पोरांना समजावत असतात आणि टॅक्सीवाला दार उघडून विचारतो, “मग काय साहेब, रिकामं परत यायचं भाडं धरून सांगू ना?”